मागत राहायचं ते कसं? लूक १८ मधली विधवा आणि आपल्या लांबलेल्या प्रार्थना

नगरची_लेक

सर्वांना सलाम. इथं आजवर नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझा धाकटा भाऊ दारूच्या पार आहारी गेला आहे. त्याच्यासाठी आईनं उपास केले, मंडळीतल्या बायांनी साखळी प्रार्थना केल्या, पाळकसाहेब घरी येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. वर्षं लोटली. मध्येच काही महिने तो सावरतो, रविवारी उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसून गीतंही म्हणतो. मग एखाद्या पगाराच्या संध्याकाळी सगळं पुन्हा वाहून जातं.

मागच्या महिन्यात एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे उपदेशक आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत आईला सांगितलं, "आई, तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय. त्या विधवेनं न्यायाधीशाला कसं हैराण केलं? तसं देवाला हैराण करा." आई काही बोलली नाही. घरी येऊन सगळ्यांना वाढलं आणि स्वतः न जेवता झोपली. तेव्हापासून ती अपरात्री उठून गुडघे टेकते. गुडघ्यांची झीज झाली आहे तिच्या, भिंतीला धरून उठावं लागतं. खुर्चीवर बसून कर म्हटलं तर म्हणते, "नको गं, कमी पडायला नको."

लूक १८ खरंच असं सांगतं का? देवाला हैराण करायचं असतं? आणि मत्तय ६ मध्ये प्रभू म्हणतो की व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोलल्यानं आपलं ऐकलं जाईल असं समजू नका. मग रोज तेच तेच मागणं कशात मोडतं? कोणी वचनाला धरून लिहिलं तर आईला वाचून दाखवीन.

प्रवरेकाठ

ताई, मी निवृत्त पाळक आहे. तुमच्या आईंना जे ऐकावं लागलं ते आमच्याच लोकांच्या तोंडून ऐकावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

आधी लूक १८ घेऊ. दाखला कशासाठी सांगितला ते पहिल्याच ओळीत आहे: सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये. म्हणजे ऐकणारे खचायच्या बेतात होते, हे प्रभूला ठाऊक होतं. त्यानं त्यांना अविश्वासू म्हटलं नाही, गोष्ट सांगितली. त्या गावच्या न्यायाधीशाला ना देवाची भीती ना माणसाची पर्वा. विधवेच्या वतीनं बोलायला घरात पुरुष नाही, हातावर ठेवायला पैसा नाही. तहसील कचेरीत वारसनोंदीसाठी खेटे घालणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणा, तिच्याजवळ पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहणं एवढाच उपाय असतो. ती मेहेरबानी मागत नाही. "माझा न्याय कर" म्हणते, आपल्या हक्काचं मागते.

शेवटी तो न्यायाधीश कंटाळून तिचं काम करतो. इथं आपण घाई करतो आणि न्यायाधीशाच्या जागी देवाला बसवतो. प्रभूचं बोलणं नेमकं उलट आहे. असला अन्यायी माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या निवडलेल्यांचा न्याय देव करणार नाही काय? देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हाच दाखल्याचा आधार आहे. ज्याला हैराण करून वळवावं लागतं तो कोणी वेगळा आहे. तुमच्या आई ज्याच्यापुढे गुडघे टेकतात, तो त्यांच्याकडे पाठ करून बसलेला नाही.

आणखी एक. हा दाखला सतराव्या अध्यायाला जोडून आला आहे. तिथं मनुष्याच्या पुत्राच्या येण्याविषयी चाललं आहे, आणि असे दिवस येतील की शिष्य वाट पाहतील पण त्यांना ते दिसणार नाही, असं प्रभू सांगतो. उशीर होणार हे त्यानं लपवलं नाही. दाखला संपतो तोही प्रश्नावर: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? मला तरी यातून असं दिसतं की त्याच्या लेखी विश्वास म्हणजे येत राहणं. मनात शंका किती, खात्री किती, याचं मोजमाप तिथं कुठंच नाही. तुमच्या आई अजून येत आहेत. कमी काय पडलं?

सरळ_मार्ग

काकांचं उत्तर पटलं, पण एक शंका राहते. तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असंही त्याच मत्तय ६ मध्ये आहे. मग एकदा मनापासून मागावं, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणावं आणि विषय त्याच्या हाती सोडावा. रोज तेच मागणं म्हणजे काल सोडलेलं ओझं आज पुन्हा उचलणं नव्हे का? वाद घालायचा नाही, मी स्वतः असंच करतो म्हणून विचारतो.

प्रवरेकाठ

प्रश्न चांगला आहे. याचं उत्तर गेथशेमाने बागेत, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीत आहे. प्रभू एकदा प्रार्थना करून उठला, शिष्यांकडे आला, ते झोपलेले. पुन्हा गेला. पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा गेला आणि त्यानं तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तयानं मुद्दाम नोंदवलं आहे (२६:४४). "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे तर तो पहिल्याच खेपेला बोलला होता. तरी पुन्हा गेला. म्हणून तेच शब्द पुन्हा म्हणणं ही काही व्यर्थ बडबड नव्हे. मत्तय ६ मधली बडबड करणाऱ्यांना वाटतं की शब्दांच्या ढिगानं देव बांधला जातो. गेथशेमानेत शब्द थोडेच आहेत आणि ते पित्याला उद्देशून आहेत.

मात्र तुमच्या म्हणण्यातही सत्य आहे. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि मग थांबला, कारण उत्तर आलं: "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. उत्तर मिळालं की थांबायचं, नकार असला तरी. उत्तर मिळेपर्यंत मागायला कोणी मनाई केलेली नाही.

वसईची_वाट

आम्ही कॅथलिक, वसईचे. ताई, तुमच्या आईंना संत मोनिकाची गोष्ट नक्की सांगा. आमच्याकडे २७ ऑगस्टला तिचा सण असतो, दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा, संत ऑगस्टीनचा. वाट चुकलेल्या मुलांच्या आया तिच्याकडे मध्यस्थी मागतात. माझी आजीही मागायची, संध्याकाळच्या रोजरीनंतर (जपमाळेनंतर), देव्हाऱ्यापुढे बसून, आमच्या कादोडी बोलीत. पुस्तकातली प्रार्थना नव्हतीच ती. सरळ गाऱ्हाणं असायचं.

मोनिका चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची. मुलगा हुशार, पण नऊएक वर्षं मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात अडकलेला. ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी एकदा बोला म्हणून विनवू लागली. ते म्हणाले, आत्ता तो ऐकणार नाही, राहू द्या. ती रडतच राहिली तेव्हा जरा वैतागूनच म्हणाले, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही. हे वाक्य आमच्याकडे प्रवचनात हमखास येतं. मला त्यापुढचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो.

ऑगस्टीन रोमला निघाला होता. तिला ते नको होतं. कार्थेजच्या किनाऱ्यावर त्यानं तिला थाप मारली आणि ती जवळच्या संत सिप्रियानच्या प्रार्थनास्थळी रात्र काढत असताना तो गलबतात बसून निघून गेला. "त्याला जाऊ देऊ नकोस" हीच त्या रात्रीची तिची प्रार्थना होती. ती ऐकली गेली नाही. सकाळी किनारा रिकामा. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथं त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि त्यांच्याच हातून ३८७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे ऑगस्टीननंच लिहून ठेवलं की आई नेहमी जे मागायची ते द्यावं म्हणून देवानं त्या रात्रीचं मागणं नाकारलं. त्याच वर्षी ऑस्टिया बंदरात मोनिका वारली.

आजी हे सांगताना हटकून म्हणायची, "पोराला जहाजात बसू दिलं नसतं तर?"

पुणेकर_विश्वासू

अनुमोदन. ब्रिस्टलच्या अनाथालयांचे जॉर्ज म्युलर यांचं उदाहरणही देता येईल. १८४४ च्या नोव्हेंबरात त्यांनी पाच माणसांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिला माणूस दीड वर्षानं वळला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी ते कित्येक दशकं रोज मागत राहिले. आजारी असोत, प्रवासात असोत, खंड पडला नाही. असा नेट हवा.

एक_बाप

वरच्या कोणालाही दुखवायचं नाही. पण अशा धाग्यावर या गोष्टी एकामागून एक येतात तेव्हा मला श्वास घ्यायला जड जातं, म्हणून लिहितो.

आमची मुलगी ल्युकेमियानं गेली. तिच्यासाठी तीन मंडळ्यांतून प्रार्थना चालू होत्या. कॅथलिक शेजाऱ्यांनी माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला जाऊन मेणबत्त्या लावल्या. आम्ही थांबलो नाही, खचलो नाही, शंकाही घेतली नाही. ती गेल्यावर एक बाई म्हणाल्या, अजून थोडी चिकाटी धरायला हवी होती.

मोनिकाची आणि म्युलरची गोष्ट आपण सांगतो, कारण त्या गोष्टींना सांगण्याजोगा शेवट आहे. ज्यांच्या प्रार्थनेला असा शेवट नाही ते प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभे राहत नाहीत. मीही कधी उभा राहिलो नाही.

पण बायबलात ते आहेत. इब्री ११ आपण हनोख, नोहा, अब्राहाम करत वाचतो आणि शेवटाकडे आलो की घाईत पुढे सरकतो. तिथं लिहिलं आहे की या सगळ्यांविषयी त्यांच्या विश्वासामुळे चांगली साक्ष असूनही त्यांना वचनानुसार फळ मिळालं नाही. विश्वास होता, आणि मिळालं नाही. एकाच वाक्यात दोन्ही आहे. मला त्या वाक्यानं धरून ठेवलं आहे.

दावीदानंही बाळासाठी उपास केला, रात्रभर जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी बाळ गेलं. त्यानं तोंड धुतलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग जेवायला मागितलं. चाकरांना काही कळेना. मला ते पूर्वी निष्ठुर वाटायचं, आता वाटत नाही. आमच्याही घरी कोणीतरी भात टाकला होता आणि मी तो खाल्ला होता.

ताई, आईंना एवढंच सांगा की भावाचं बरं होणं न होणं यावरून त्यांच्या विश्वासाचा हिशोब लागत नाही. हा हिशोब लावणाऱ्याला घरात पुन्हा बोलावू नका.

पुणेकर_विश्वासू

दादा, क्षमा करा. म्युलर यांचं उदाहरण मी चांगल्या हेतूनं दिलं होतं, पण "असा नेट हवा" हे वाक्य इथं लिहायला नको होतं.

एक_बाप

क्षमा कसली. म्युलर मलाही आवडतात. त्या दोघांसाठी ते उत्तर दिसत नसताना मागत राहिले, त्या मधल्या वर्षांविषयी जास्त बोलूया, एवढंच.

प्रवरेकाठ

दादा, तुम्ही उभे राहिला नाहीत असं म्हणता, पण मला वाटतं तुम्ही आत्ता साक्ष दिलीत.

मधल्या वर्षांवरून आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी निराधार बायका-मुलींसाठीच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेसाठी खास गट जमवले. रोज बायका-मुली एकत्र येत, संख्या वाढत शेकड्यांवर गेली. जूनअखेरीस तिथं जे संजीवन (विश्वासाची नवी जागृती) झालं त्याची जगभर नोंद झाली. हे सगळ्या मंडळ्यांतून सांगितलं जातं. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये, चाळिशीत, त्यांच्या हयातीतच गेली. संजीवनासाठी गुडघे टेकणाऱ्या त्या मुक्तीत आजारी मनोरमासाठी कोणी गुडघे टेकले नसतील, असं माझं मन मानत नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या दिवसांत त्या काय करत होत्या? संपूर्ण बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर, थेट इब्री आणि ग्रीकवरून. कित्येक वर्षं चाललेलं ते काम त्यांनी मरणापूर्वी पुरं केलं. उपदेशात आपण १९०५ सांगतो आणि १९२१ गाळतो. दोन्ही वर्षं एकाच बाईची आहेत.

नगरची_लेक

सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. 'एक बाप' यांचा वाचताना तिनं मध्येच थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाली. मग विचारलं, "त्यांच्या मुलीचं नाव काय होतं?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ती आता त्यांच्यासाठीही प्रार्थना करते.

विधवेबद्दलचं तिला पटलं, पण तिचा प्रश्न वेगळाच निघाला. ती म्हणते, "पाऊस मागितला तर देव पाडील. पण पोराला स्वतःचं मन आहे. देव त्याच्या मनावर जबरदस्ती करणार नाही, मग मी मागते ते नेमकं काय?" मला उत्तर सुचलं नाही.

गोदातीर

मी नाशिकची. तुमच्या आईंच्या प्रश्नावरून रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांत राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं सांभाळून, वेगळं रांधून. टिळक वाट पाहत राहिले. त्यांनी तिला ओढून पाण्यात उतरवलं नाही. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. त्यांच्या आठवणी वाचताना जाणवतं की जातिभेदाचं ओझं त्यांच्या मनातून आतल्या आत उतरत गेलं, कोणी ते खेचून काढलं नाही.

कोणाच्या मनासाठी प्रार्थना करतो तेव्हा आपण बहुतेक वेळ आणि वाटा मागत असतो. योग्य माणूस योग्य दिवशी भेटावा, दार उघडं राहावं, आणि तो वळेल तेव्हा आपण कडवट झालेलो नसावं. वर मोनिकाच्या मुलाला अँब्रोज कसा भेटला ते आलंच आहे.

मिरजवाला

एक व्यवहाराचं लिहितो, कारण अजून कोणी लिहिलं नाही. मी स्वतः व्यसनातून बाहेर आलो आहे. दारू हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या व्यसनमुक्तांच्या स्वमदत गटाच्या मराठी सभा राज्यात अनेक ठिकाणी भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं. तिथं आईंना आणि तुम्हाला जाता येईल, भाऊ येवो न येवो. उपचार घेतले म्हणजे विश्वास सोडला असं आमच्याही घरी वाटायचं. माझी बायको माझ्यासाठी प्रार्थना करायची आणि बाटली शोधून ओतून द्यायची, कर्जाचे हप्ते भरायची, साहेबांना फोन करून मला ताप आहे सांगायची. यातली प्रार्थना सोडून बाकी सगळं थांबवायला तिला अल-अॅनॉनमध्ये शिकवलं. थांबवलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

भाऊ पुन्हा पुन्हा घसरतो असं लिहिलंत. ते या आजारात होतं. सावरलेले महिने खोटे नसतात, मागच्या बाकावरची ती गीतंही खरी असतात.

सरळ_मार्ग

हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

वसईची_वाट

मध्यरात्रीच्या मित्राच्या दाखल्यातलं (लूक ११) एक लक्षात आलं ते लिहिते. तो माणूस दार वाजवतो ते स्वतःच्या भुकेसाठी नाही. घरी पाहुणा आला आहे आणि त्याच्यापुढे वाढायला काही नाही म्हणून तीन भाकरी मागतो. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत. एका खोलीचं घर असणार, उठला की सगळे जागे. तरी हा बाहेरून हलत नाही, कारण रिकाम्या हातानं परत गेला तर पाहुणा उपाशी राहील. आईंची रात्रीची प्रार्थना मला तशीच वाटते. दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला थोडं निर्लज्ज होता येतं.

प्रवरेकाठ

सुंदर. आता आईंच्या गुडघ्यांबद्दल, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

हन्नाची गोष्ट त्यांना वाचून दाखवा, १ शमुवेल १. दरवर्षी शिलोला जायचं, दरवर्षी सवतीनं, पनिन्नानं टोचायचं, दरवर्षी हिनं रडायचं आणि जेवायचं नाही. एका वर्षी ती मंदिरात ओठ हलवत, आवाज न काढता मागत राहिली. एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. म्हणजे याजकाची चूक होऊ शकते, तिथंही झाली. मात्र एलीनं तिचं ऐकून घेतलं आणि आशीर्वाद दिला. मग ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल तेव्हा पोटातही नव्हता. मागणं मान्य होण्याआधीच ती जेवायला बसली.

म्हणून आईंना माझा निरोप सांगा. आधी जेवा. मग खुर्चीवर बसा. शलमोनानं गुडघे टेकले होते हे खरं, पण दावीद परमेश्वरासमोर बसून प्रार्थना करत असल्याचंही २ शमुवेल ७ मध्ये आहे. आणि रात्री शब्द सुचले नाहीत तर स्तोत्र १३ वाचा. सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर?" असं विचारलं आहे. हा प्रश्न देवानं आपल्याच पुस्तकात ठेवून दिला आहे, तो विचारल्यानं विश्वास कमी होत नाही. आपल्या मातीत तुकोबांनीही विठोबाशी भांडून घेतलं, आणि त्या अभंगांवर वाढलेल्या टिळकांची गीतं आपण रविवारी म्हणतो. ज्याच्याशी भांडता येतं तो आपला असतो.

स्तोत्र १३ शेवटी स्तुतीकडे वळतं. तेवढंही जमणार नाही अशा रात्रींसाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, तरी "हे परमेश्वरा" म्हणूनच बोलतं.

एक_बाप

८८ आमच्या मंडळीत मी कधी वाचलेलं ऐकलं नाही. येत्या उपासनेत वाचू का, असं पाळकांना विचारणार आहे. ताई, आईंना सांगा, मुलीचं नाव आशा.

नगरची_लेक

सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग वहीत लिहून ठेवलं.

खुर्चीचं तिनं ऐकलं, काकांचं नाव घेऊन. जेवणाचं अजून भांडण चालू आहे. मिरजवाल्या दादांनी सांगितल्यावरून अल-अॅनॉनची सभा कुठे भरते याची चौकशी केली, या शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. भाऊ येणार नाही म्हणाला. कुठे चाललात, हे मात्र त्यानं दोनदा विचारलं.

इथं कोणी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करणार असेल तर नावाची गरज नाही, "नगरचा धाकटा" एवढं पुरे.

मिरजवाला

करतो. शनिवारी पहिल्या सभेत काही बोलायची सक्ती नसते, नुसतं बसलात तरी चालतं. आईंना पाठीला टेकू असलेली खुर्ची आधीच मागून घ्या, सभा तासभर चालते.